तेल, वायू आणि एक प्राध्यापक : डॉ. शांतिस्वरूप भटनागर

शांतिस्वरूप भटनागर हे नाव आपण बहुतेक वेळा पुरस्काराच्या बातमीत वाचतो. तरुण शास्त्रज्ञांना त्यांच्या नावाने देशाचा मोठा सन्मान दिला जातो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कॅडेट हे नाव पाठ करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ज्या माणसाच्या नावाने हा सन्मान आहे, त्याने स्वतः काय केले, हे मात्र फार कमी जणांना माहीत असते.

भटनागर यांनी बरेच काही केले. ते कवी होते, नाटककार होते, प्राध्यापक होते, सरकारचे सचिव होते. या लेखात त्यांच्या आयुष्यातील एकच धागा धरायचा आहे. तो धागा तेलाचा आणि वायूचा आहे. जमिनीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनपासून खत, रसायने आणि इंधन बनवायचे असेल, तर आधी त्यांचा संश्लेषण वायू करावा लागतो. कारखान्यातले लोक त्याला सिंथेसिस गॅस किंवा नुसते सिनगॅस म्हणतात. तो बनवणे हे एका माणसाचे किंवा एका प्रयोगशाळेचे काम नाही. त्यासाठी तेल लागते, रिफायनरी लागते, संशोधक लागतात आणि प्रयोगशाळेतली गोष्ट कारखान्यापर्यंत नेणाऱ्या संस्था लागतात. भारतात यातले जवळजवळ काहीच नव्हते, तेव्हा भटनागर कामाला लागले.

आजोळचे घर

भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील शाहपूर जिल्ह्यात भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडील परमेश्वरी सहाय शिक्षक होते. शांतिस्वरूप आठ महिन्यांचे असताना वडील वारले. आई त्यांना घेऊन उत्तर प्रदेशातील सिकंदराबाद येथे माहेरी आली. आजोबा मुन्शी प्यारेलाल हे इंजिनिअर होते. त्यांच्या घरात उपकरणे, यंत्रे आणि आराखडे पडलेले असत. नातू त्यांतूनच खेळणी करी. दोऱ्याचा टेलिफोन त्याने लहानपणीच बनवला होता.

१९०८ मध्ये ते लाहोरला दयाल सिंग शाळेत आले. १९११ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, त्यांचे एक पत्र अलाहाबादच्या लीडर या वृत्तपत्रात छापून आले. बॅटरीत कार्बनच्या कांड्या लागतात. त्या विकत न आणता काकवी आणि कोळशासारखा पदार्थ एकत्र करून, दाब आणि उष्णता देऊन कशा बनवता येतील, हे त्या पत्रात होते. आपल्या दहावी-बारावीच्या वयाच्या मुलाचे हे पत्र आहे. महागडी आयात वस्तू घरच्या स्वस्त मालापासून करायची, ही कल्पना त्या पत्रात दिसते आणि तीच त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

त्याच सुमारास त्यांनी उर्दूत एकांकिका लिहिली आणि तिच्यासाठी बक्षीसही मिळवले. फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी १९१६ मध्ये बी.एस्सी. आणि १९१९ मध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली.

पुढील शिक्षणासाठी दयाल सिंग ट्रस्टने त्यांना अमेरिकेला जाण्याची शिष्यवृत्ती दिली. ते इंग्लंडपर्यंत पोहोचले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांवरील जागा घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी राखून ठेवल्या होत्या. जागा मिळेना. तेव्हा ट्रस्टच्या परवानगीने ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रा. डोनन यांच्याकडे राहिले. साबणासारखे क्षार तेलात किती विरघळतात आणि त्यामुळे तेलाच्या पृष्ठताणावर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय होता. १९२१ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. सैनिकांमुळे जहाज चुकले आणि तेलाचा अभ्यास पदरात पडला, असे म्हणायला हरकत नाही.

काशीतली तीन वर्षे

काशी म्हटले की आपल्याला गंगेचे घाट, विश्वनाथाचे मंदिर आणि झाशीच्या राणीचे जन्मस्थान आठवते. १९२१ मध्ये त्याच काशीत एक नवे विद्यापीठ उभे राहत होते. पंडित मदनमोहन मालवीय यांनी देशभर फिरून देणग्या गोळा केल्या होत्या आणि १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला बसली होती. ऑगस्ट १९२१ मध्ये भारतात परतलेले भटनागर तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

मालवीयजी १९१६ ते १९१८ या काळात सरकारच्या औद्योगिक आयोगाचे सदस्य होते. आयोगाच्या अहवालाला त्यांनी आपली मोठी भिन्नमतपत्रिका जोडली होती. भारत कच्चा माल पाठवणारा आणि तयार माल विकत घेणारा देश राहिला, याचे त्यांना दुःख होते. म्हणून त्यांच्या विद्यापीठात वेद आणि व्याकरणाच्या जोडीला यंत्र व विद्युत अभियांत्रिकी, खाणकाम, धातुशास्त्र आणि औद्योगिक रसायन हे विषयही आले. त्या विभागांतून वाढलेली संस्था आज आय.आय.टी. (बी.एच.यू.) म्हणून ओळखली जाते आणि तिथे रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते.

भटनागर बनारसमध्ये तीनच वर्षे होते. तेवढ्यात त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात संशोधन करणारे विद्यार्थी तयार केले. विद्यापीठाचे कुलगीतही त्यांनीच लिहिले. उर्दूत लिहिणाऱ्या पंजाबी रसायनशास्त्रज्ञाने लिहिलेले हे हिंदी गीत विद्यापीठात आजही गायले जाते. माझ्या मते बनारसने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. लोकांच्या पैशातून संस्था उभी करता येते आणि त्या संस्थेत कारखान्याला उपयोगी पडणारे शास्त्र शिकवता येते, हे त्यांनी तिथे रोज पाहिले. पुढे त्यांनी देशभर संस्था उभ्या केल्या, त्यांची बाराखडी काशीत गिरवलेली होती.

चिखलाचा प्रश्न आणि दीड लाख रुपये

१९२४ मध्ये भटनागर लाहोरला पंजाब विद्यापीठात गेले आणि तिथे १९४० पर्यंत राहिले. त्यांचा मुख्य विषय पदार्थांचे चुंबकीय गुण हा होता. १९२८ मध्ये त्यांनी के. एन. माथुर यांच्या मदतीने चुंबकीय गुण मोजणारा एक तराजू बनवला आणि लंडनच्या एका नामांकित कंपनीने तो विक्रीस काढला. दुसरा विषय होता कलिलांचा. दूध, शाई, रंग, चिखल यांत अतिशय बारीक कण द्रवात तरंगत असतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात.

रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी तेलासाठी विहिरी खणत होती. विहीर खणताना छिद्रात सतत पातळ चिखल सोडावा लागतो. तो खणणारे पाते थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि खालून येणारा दाब अडवतो. अटकच्या विहिरींत खोलवर खारे पाणी लागे. चिखल त्या पाण्याला भिडला की घट्ट होई आणि खणणे बंद पडे. कंपनीने हा प्रश्न भटनागर यांच्याकडे आणला.

भटनागर यांनी त्याकडे कलिलाचा प्रश्न म्हणून पाहिले. मातीच्या बारीक कणांवर विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. मिठाचे आयन हा भार झाकून टाकतात, मग कण एकमेकांना चिकटतात. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचण्यामागेही हेच एक कारण आहे. भटनागर यांनी चिखलात भारतात मिळणारा गोंद मिसळायला सांगितले. गोंदामुळे चिखल पातळ राहिला आणि खाऱ्या पाण्यातही कण चिकटेनासे झाले. यंत्र बदलावे लागले नाही आणि परदेशातून काही मागवावेही लागले नाही.

अटक कंपनीचा कारभार पाहणाऱ्या स्टील ब्रदर्स या कंपनीने खूश होऊन भटनागर यांना पुढील संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. १९३०च्या दशकात ही रक्कम फार मोठी होती. भटनागर यांनी ती स्वतःकडे घेतली नाही. ती विद्यापीठाला द्यावी, असे त्यांनी सुचवले. तिच्यातून पंजाब विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. मेणाचा वास घालवणे, रॉकेलच्या दिव्याची ज्योत वाढवणे, तेल उद्योगातील टाकाऊ माल उपयोगात आणणे, अशी कामे तिथे झाली. कंपनीने पुढे रक्कमही वाढवली आणि मुदतही पाचांवरून दहा वर्षांवर नेली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी या त्यागाबद्दल भटनागर यांचे अभिनंदन केले होते.

इथे थोडे थांबायला हवे. दीड लाख घेतले असते तरी कोणी दोष दिला नसता, कारण ते त्यांच्या कष्टाचे होते. पण त्या पैशातून एक घर उभे राहिले असते. विभाग उभा राहिला म्हणून तेलाचे रसायन जाणणारी भारतीय मुले तयार झाली. कारखाना विकत घेता येतो, पण तो समजणारी माणसे घडवावीच लागतात, हे भटनागर यांना इतरांच्या आधी कळले होते.

महायुद्ध आणि पेट्रोलची टंचाई

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडहून येणारा माल थांबला आणि सैन्याच्या गरजा वाढल्या. १९४० मध्ये सरकारने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन केले. भटनागर त्याचे संचालक झाले. त्यांच्या प्रयोगशाळा आधी कलकत्त्यातील अलिपूर येथे होत्या, नंतर दिल्लीत आल्या. विषारी वायूपासून बचाव करणारे कापड, न फुटणारे डबे, तेलाची आग विझवणारा फेस, गणवेशाचे रंग, बलुचिस्तानातील गंधकाचे शुद्धीकरण अशी कामे तिथे झाली. वनस्पती तेल मिसळून इंधन आणि वंगण बनवण्याचे प्रयोगही झाले. कॅडेट म्हणून ही यादी वाचताना कळते की लढाई रणांगणाबरोबर प्रयोगशाळेतही चालू असते.

सगळ्यांत मोठी अडचण पेट्रोलची होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला. तिथल्या तेलविहिरी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी त्या स्वतःच नष्ट केल्या. भारताला ब्रह्मदेशातून मिळणारे तेल बंद झाले. पेट्रोलवर रेशन होते. त्या काळात आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवर मोटारी आणि बस धावत असत. गाडीला एक मोठा पिंप जोडलेला असे. त्यात लोणारी कोळसा जळे आणि निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन आणि बराचसा नायट्रोजन असे. हा संश्लेषण वायूचा गरीब भाऊ समजायला हरकत नाही.

तिकडे जर्मनीकडेही स्वतःचे तेल फार थोडे होते, पण त्यांच्याकडे तंत्र होते. १९२०च्या दशकात फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून उत्प्रेरकाच्या मदतीने द्रव इंधन बनवण्याची रीत शोधली होती. कोळशावर सरळ हायड्रोजन सोडण्याची दुसरी रीतही त्यांच्याकडे होती आणि तो हायड्रोजनही अशाच वायूतून मिळे. विमानांचे पेट्रोल मुख्यतः या दुसऱ्या रीतीने बने. म्हणूनच मे १९४४ पासून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी लॉयना आणि इतर ठिकाणच्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बॉम्बफेक केली. रसायनाचा कारखाना रणगाड्याइतकाच महत्त्वाचा असतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

१९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, स्थापन झाली. युद्ध संपत आले तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांचे एक मंडळ इंग्लंड आणि अमेरिकेला जाऊन आले. त्यात भटनागर, मेघनाद साहा आणि ज्ञानचंद्र घोष हेही होते. ज्ञानचंद्र घोष स्वतः वायूंच्या उत्प्रेरकांवर काम करणारे शास्त्रज्ञ होते. मोठ्या देशांत संशोधन आणि उद्योग यांची सांगड कशी घातली जाते, हे या मंडळाने पाहिले.

फाळणी आणि नवी सुरुवात

१९४६ मध्ये भटनागर यांच्या पत्नी लाजवंती वारल्या. पत्नीच्या नावानेच त्यांचा उर्दू कवितासंग्रह पुढे प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. भेरा गेले, लाहोर गेले, ज्या विद्यापीठात सोळा वर्षे काढली ते गेले. देऊ केलेल्या पैशातून उभा केलेला पेट्रोलियम विभाग आणि अटकचे तेलक्षेत्रही सीमेपलीकडे राहिले. भारताच्या वाट्याला आसामातील दिग्बोईची १९०१ सालची एकच रिफायनरी आली.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पंडित नेहरूंचा त्यांना पूर्ण पाठिंबा होता. एकामागून एक राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी धनबादजवळ इंधन संशोधन संस्था सुरू झाली. पुण्याला आपण खडकवासल्यामुळे ओळखतो, पण रसायनाच्या जगात पुणे या प्रयोगशाळेमुळे ओळखले जाते.

हा मार्ग सर्वांना पटला नव्हता. चांगले शास्त्रज्ञ सरकारी प्रयोगशाळांत गेले तर विद्यापीठे ओस पडतील, असे सर सी. व्ही. रामन आणि मेघनाद साहा यांच्यासारख्या मोठ्या लोकांना वाटत होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. भटनागर स्वतः विद्यापीठातूनच वर आले होते. परंतु प्रयोगशाळेतील शोध कारखान्यात नेण्यासाठी वेगळी जागा हवी, या मतावर ते ठाम राहिले. संशोधन उद्योगांना देण्यासाठी १९५३ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले, त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते.

१९५१ मध्ये नैसर्गिक संपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन असे नवे मंत्रालय झाले आणि भटनागर त्याचे सचिव झाले. आता तेलाचा धागा पुन्हा हाती आला. देशाला रिफायनरी हव्या होत्या, पण तंत्र आणि पैसा परदेशी कंपन्यांकडे होता. स्टॅनव्हॅक, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या कंपन्यांशी करार झाले. त्या वाटाघाटींत भटनागर यांचा महत्त्वाचा वाटा होता. स्टॅनव्हॅकची रिफायनरी मुंबईत तुर्भे येथे १९५४ मध्ये सुरू झाली. शेजारची बर्मा-शेलची १९५५ मध्ये आणि कॅलटेक्सची विशाखापट्टणमला १९५७ मध्ये सुरू झाली. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे आश्वासन कंपन्यांना द्यावे लागले आणि त्यावर पुढे टीकाही झाली. १९७०च्या दशकात या रिफायनरी सरकारच्या मालकीच्या झाल्या. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी आपल्याला माहीत आहेत.

तेलापासून खतापर्यंत

रिफायनरीचा संश्लेषण वायूशी काय संबंध, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहू.

युरिया बनवायला अमोनिया लागतो. अमोनिया बनवायला एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन लागतो. नायट्रोजन हवेत आहे. हायड्रोजन मात्र बनवावा लागतो. १९५१ मध्ये धनबादजवळ सिंद्री येथे सरकारी खत कारखाना सुरू झाला आणि तिथे रोज सुमारे १,००० टन अमोनियम सल्फेट करण्याची सोय होती. तिथे हायड्रोजन दगडी कोळशाच्या कोकपासून मिळे. लालभडक कोकवर वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो. त्या कार्बन मोनॉक्साइडची पुन्हा वाफेशी क्रिया केली की आणखी हायड्रोजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा काढता येतो.

आता हिशेब करू. कोकमध्ये जवळजवळ नुसता कार्बन असतो. त्यामुळे कार्बनच्या एका अणूमागे शेवटी हायड्रोजनचे दोन रेणू मिळतात. रिफायनरीत निघणाऱ्या नाफ्थ्यात कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साधारण दोन अणू आधीच असतात. म्हणून नाफ्थ्यापासून तीन रेणू मिळतात. नैसर्गिक वायूतील मिथेनमध्ये चार अणू असतात, म्हणून त्यापासून चार रेणू मिळतात. कोकपेक्षा नाफ्था बरा आणि नाफ्थ्यापेक्षा मिथेन बरा, हे या साध्या बेरजेतून कळते. कोक हाताळण्याचा धूर, राख आणि धूळ वाचते, हा आणखी फायदा.

पण कागदावरची बेरीज म्हणजे कारखाना नव्हे. हायड्रोकार्बन आणि वाफ यांची क्रिया निकेलच्या उत्प्रेरकावर होते. हा उत्प्रेरक उंच नळ्यांत भरलेला असतो आणि नळ्यांच्या बाहेर भट्टी पेटलेली असते, कारण ही क्रिया उष्णता शोषून घेते. नळीच्या शेवटी तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर असते. आराखडा करणाऱ्याला इथे चार शत्रूंशी एकदम लढावे लागते. पहिला शत्रू गंधक. तो अगदी थोडा असला तरी निकेल निकामी करतो, म्हणून तेल आधी शुद्ध करावे लागते. दुसरा शत्रू काजळी. वाफ कमी पडली की उत्प्रेरकावर कार्बन साचतो, म्हणून कार्बनच्या एका अणूमागे वाफेचे सुमारे तीन रेणू देतात, गरजेपेक्षा बरेच जास्त. नाफ्थ्यात काजळीचा धोका मिथेनपेक्षा मोठा असतो. तिसरा शत्रू उष्णता. ती कमी पडली तर क्रिया अर्धवट राहते, जास्त झाली तर नळ्या कमजोर होऊन फुटतात. चौथा शत्रू खर्च. जास्तीची वाफ आणि जास्तीचे इंधन यांचे पैसे शेवटी शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यावर चढतात. या चौघांमधला मध्य गाठणे म्हणजेच प्रक्रियेचा आराखडा.

भटनागर यांचे १ जानेवारी १९५५ रोजी दिल्लीत हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा ते ६० वर्षांचे होते. तेलापासून खत बनवण्याची पुढची पायरी त्यांना पाहता आली नाही. १९६५ मध्ये तुर्भ्याच्या रिफायनरींच्या शेजारी खत कारखाना सुरू झाला. तिथे नाफ्था आणि रिफायनरीतील वायू यांपासून संश्लेषण वायू बनवून अमोनिया आणि युरिया होऊ लागला. पुढे तिथे मिथेनॉलही बनू लागले. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले. तिथल्या नैसर्गिक वायूवर रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे १९८५ मध्ये मोठा खत कारखाना उभा राहिला. सिंद्रीच्या संशोधन विभागाने दरम्यान खत कारखान्यांसाठी लागणारे उत्प्रेरक देशात बनवून दाखवले.

अजून उरलेले काम

कोकवर चालणारा जुना सिंद्री कारखाना नंतर मागे पडला आणि २००२ मध्ये बंद झाला. आता त्याच जागी नवा कारखाना सुरू झाला असून तो नैसर्गिक वायूवर चालतो. पूर्व भारताकडे वायू नेणारी मोठी पाइपलाइन वाराणसीवरून जाते आणि काशीतल्या घरांतही आता पाइपने गॅस येतो. भटनागर यांनी जिथे शिकवायला सुरुवात केली, त्या शहराखालून आज तोच हायड्रोकार्बन वाहतो आहे, ज्याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. अमोनियाच्या मोठ्या कारखान्यांचे मूळ आराखडे आपण आजही मुख्यतः परदेशी कंपन्यांकडून परवाना घेऊन आणतो. कारखाना आपला, वायूचा काही भाग आपला, काही आयात केलेला आणि आराखडा दुसऱ्याचा, अशी स्थिती आहे. युद्धाच्या काळात जहाजे थांबतात आणि सुटे भाग थांबतात, हे १९४२ ने दाखवले आहे. त्या वेळी ज्याला आराखडा येतो तोच तग धरतो.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण सैन्यात जाणार आहेत. काही जण जाणार नाहीत. वैद्यकीय चाचणीत राहतील किंवा त्यांची आवड वेगळी असेल. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी भटनागर यांचे आयुष्य जरूर वाचावे. त्यांनी कधी गणवेश घातला नाही, तरी विषारी वायूपासून सैनिकाला वाचवणारे कापड त्यांच्या प्रयोगशाळेतून आले. सतराव्या वर्षी त्यांच्याजवळ काकवी आणि कोळसा एवढेच सामान होते. चाळिशीच्या सुमारास दीड लाख रुपये समोर आले तेव्हा ते त्यांनी विद्यार्थ्यांच्या हवाली केले. पन्नाशीनंतर सगळे लाहोर गमावले तेव्हा त्यांनी बारा राष्ट्रीय प्रयोगशाळांची उभारणी केली. निकेलवरची काजळी कशी रोखायची आणि भट्टीतली उष्णता कशी वाचवायची, या प्रश्नांची आणखी चांगली उत्तरे अजून हवी आहेत. ती शोधणाऱ्या एखाद्याला पुढे त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला आणि तो आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी निघाला, तर त्या दिवशी मैदानावरच्या विजयाइतकाच आनंद आपण साजरा केला पाहिजे.